अंजिराचा चीक
“कोंब फुटल्याशिवाय अंजिराला कोयता लावू नकोस, चीक दिसला की थांब, तिथून लाकूड जिवंत असतं,” सासूबाई तासादितला सांगायच्या. यंदा अल्जीरियातल्या काबिलियाच्या डोंगरावर झाड हिमानं करपलं, त्याच थंडीत तिच्या लेकाची परदेशी निघालेली होडी बुडाली. प्रेत मिळालं नाही, म्हणून ती वाट पाहत राहिली. आज बुंध्याशी कोंब दिसले. तिनं शेंड्यापासून फांद्या उतरवल्या. एकीतही चीक नव्हता. “छाटतेस की हजामत करतेस?” कुंपणापलीकडून जाऊबाई म्हणाल्या. “बुंधा तरी ठेव.” “मेलेलं ठेवून काय करू, बाई?” तासादितनं बुंधाही जमिनीलगत कापला, कोंब तेवढे राखले. आत जाऊन विशीतल्या सुनेला म्हणाली, “दहबिया, चल, माहेरी सोडते. तुझ्या आईला शब्द दिलाय: अंजीर फुटेपर्यंत थांबायचं, मग तुझं दुसरं लग्न.” “ते आले तर?”  सुनेचं गाठोडं डोक्यावर घेऊन तासादित उतरणीला लागली.