स्टँड बघायला आलेली बाई

"दोन्हींवर सायकल चढवून दाखवा ना काका," बाई म्हणाली. "रिकाम्या स्टँडवरून काय कळणार?"

घड्याळजींनी चष्मा वर सरकवला. चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केलेला हा माणूस. समोरच्याच्या मनगटाकडे बघून त्याचा स्वभाव ओळखायची त्यांना सवय. हिच्या मनगटावर घड्याळ नव्हतं, बांगडीही नव्हती. पायांतले बूट मात्र टाचेला पार झिजलेले.

सायकलीची साफसफाई घरच्या घरी करायची, म्हणून त्यांनी आधी सायकल अधांतरी धरून ठेवणारा तीन पायांचा घडीचा स्टँड घेतला. तो पॅडल जोरात फिरवलं की किंचित डुगडुगायचा. मग जड लोखंडी बैठकीचा आणला, तर तो हलवताना कंबरडं मोडायची वेळ. मागच्या खोलीत दोन्हींना जागा नव्हती आणि कुठला काढावा हे त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं. शेवटी मोबाइलवर जाहिरात टाकली, सायकल चढवलेल्या स्टँडचा फोटो जोडला आणि जो गिऱ्हाइकाला आवडेल तो द्यायचा असं ठरवलं.

"तुमची सायकल घेऊन यायचं होतं," ते म्हणाले. "मापात बसते का तेही कळलं असतं."

"माझ्याकडे सायकल नाहीये सध्या."

घड्याळजी थबकले. "सायकल नाही, आणि स्टँड आधी?"

"येईल आता लवकरच," बाई म्हणाली आणि हसली. ते हसणं त्यांना काही बरं वाटलं नाही.

त्यांनी निळी सायकल उचलली, सीटखालची दांडी जड स्टँडच्या रबरी जबड्यात धरली आणि जबडा आवळला. गेल्या वाढदिवसाला मुलाने दिलेली सायकल. आठ महिने पगारातून बाजूला काढत होतो, म्हणाला होता. त्या दिवशी घड्याळजी मोरीत जाऊन तोंड धुऊन आले होते, डोळे दिसू नयेत म्हणून. तेव्हापासून रोज सकाळी तासभर फेरी आणि दर रविवारी जुन्या टूथब्रशने साखळीची एकेक कडी साफ.

बाईने स्टँडला हात लावला नाही. ती हँडलच्या मुठीवरून बोट फिरवत होती.

"छान ठेवलीय. कुठून घेतली?"

"घेतली एके ठिकाणी."

"कधी?"

"झाले काही महिने."

"घरात आणखी कोण चालवतं?"

आता मात्र त्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. घरात कोण असतं, कधी असतं, हे विचारून ठेवायचं आणि दोन दिवसांनी दुपारी मागच्या दाराने यायचं. असल्या बायका पेपरात वाचल्या होत्या त्यांनी. मुलाचं नावही काढायचं नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं.

"मी एकटाच. आणि मी चोवीस तास घरातच असतो," ते ठसक्यात म्हणाले.

"मग रोजची सकाळची फेरी?"

 फेरीचं त्यांनी हिला सांगितलंच नव्हतं.

"पाणी आणतो तुम्हाला," म्हणत ते आत गेले. पाण्याचा नळ मोठा सोडून त्यांनी शेजारच्या हवालदारांना फोन लावला. "अहो, जरा या. एक बाई आलीय. लक्षण ठीक दिसत नाही. सायकलीवर डोळा आहे तिचा."

ते बाहेर आले तेव्हा बाई तिथेच उभी होती. पाणी तिने एका घोटात संपवलं.

"हा जड स्टँड बरा वाटतोय," ती म्हणाली. "आता सायकल जरा तिरकी करा. खालची बाजू वर येईल अशी. खालून साफ करता आलं पाहिजे ना?"

वेळ काढायचाच होता. त्यांनी जबडा सैल केला, सायकल फिरवली, परत आवळली. पॅडलच्या दांड्याखालचं नळकांडं वर आलं. बाईने तिकडे पाठ केली आणि दाराकडे बघत उभी राहिली.

हवालदार बनियनवर शर्ट चढवतच आले. "काय झालं काका?"

घड्याळजी बोलायच्या आधी बाईच बोलली. "बरं झालं आलात. मी टपाल वाटते. पाच महिन्यांपूर्वी पोस्टाच्या दारातून माझी सायकल गेली. आठवडाभर सकाळी ही सायकल जाताना बघतेय. खात्री नव्हती म्हणून गप्प होते. परवा यांच्या जाहिरातीत फोटो दिसला."

"अहो बाई, निळ्या सायकली काय कमी आहेत का?" घड्याळजी उसळले.

"तिच्या खाली नंबर ठोकलेला असतो. तक्रारीच्या कागदावर वाचून वाचून पाठ झालाय मला." ती वळलीसुद्धा नाही. "सात, चार, शून्य. दोन, दोन, नऊ. शेवटी एक."

हवालदारांनी मोबाइलचा उजेड पाडला. घड्याळजींनीच फडक्याने ती जागा पुसली. दर रविवारी पुसायचे तशी. नंबर लख्ख दिसत होता, अगदी तोच, आणि बारीक आकडे वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता.

पावतीचं त्यांना एकदम आठवलं. गॅरंटीसाठी जपून ठेवावी म्हणून मागितली होती. "भेटीची पावती मागतात का बाबा?" म्हणत मुलाने पाठ फिरवली होती, आणि यांना त्याचं कौतुकच वाटलं होतं. त्याची नोकरी कशीबशी टिकलेली, सुनेला सातवा महिना. संध्याकाळी सहाला दोघं घरी येणार होती.

हवालदारांनी आवाज खाली आणला. "काका, खरं सांगा. घरात ही कोणी आणली? पोराने?"

घड्याळजींनी फडक्याची नीट घडी केली आणि स्टँडच्या दांडीवर ठेवली.

"पोराला यातलं काही माहीत नाही," ते म्हणाले. "सायकल मी चोरली."