पाच पंचावन्न

काकांचा आजार लाखांत एखाद्याला होणारा. शरीराची फौज स्वतःच्याच मज्जातंतूंवर उलटलेली. अचानक आवाज झाला, नकळत धक्का लागला, की सगळ्या अंगाचं लाकूड होतं आणि कळ थेट मस्तकात जाते. म्हणून त्यांची नर्स म्हणून आले त्या पहिल्याच दिवशी मी दाराची बेल काढून टाकली आणि प्रत्येक गोष्ट आधी सांगून करायला लागले. "काका, पडदा सरकवतेय. आता डावा हात उचलतेय." ते मला गमतीने निवेदिका म्हणायचे.

एवढं जपूनही महिनाभर रोज तेच. संध्याकाळी सहाला निघायचं म्हणून मी पर्स खांद्याला लावायचे आणि त्यांचं अंग ताठ व्हायचं. झटका आला की पेशंटला तासभर एकटं सोडायचं नाही, हा आम्हा नर्सेसचा नियम. मी मुकाट्याने पर्स ठेवून परत खुर्चीत बसायचे. डॉक्टरांनी गोळ्या वाढवून पाहिल्या, फरक शून्य.

काल म्हटलं, "काका, पाठीमागची उशी काढतेय."

"नको," ते पहिल्यांदाच म्हणाले. तोवर उशीखालचा मोबाईल माझ्या हातात आला होता. त्यात बिनआवाजाचा, नुसता थरथरणारा अलार्म लावलेला. पाच पंचावन्न, सोमवार ते शनिवार.

मी चिडले. "एवढ्या कळा स्वतःहून ओढवून घ्यायच्या? मग रविवारीच तेवढी सुट्टी का?"



"रविवारी लावून काय करू, सिस्टर? थांबायला कोण असतं?"