पाइपावरचा कासरा

“बैल बुजला तरी कासरा सोडू नगंस, रखमा!” वडलांची ती जुनी आरोळी रखमाजीआबांच्या कानात अजून घुमायची. बैल केव्हाच गेले. टाकव्याच्या घरात आबा एकटेच उरले. लेक प्रेरणा तळेगावला न्यायला आली की भांडायचे. आज मात्र तिनं खाटेपासून न्हाणीपर्यंत भिंतीला आधाराचा पाइप बसवून घेतला. “घराचा दवाखाना केलास व्हय?” आबा कुरकुरले. हसत तिनं खुंटीवरचा कासरा काढून पाइपाला घट्ट गुंडाळला. “धरा आता!” दोराचा ओळखीचा पीळ तळव्याला लागला आणि आबा ताठ झाले. “हैक!” म्हणत तरातरा न्हाणीपर्यंत गेले, परतले, पुन्हा निघाले. “अगं, हितंच शंभरी गाठतो बघ!” “गाठा की! मी न्हाई नेत तुमाला कुटं!” आबा थबकले. “खरं?” “तुमची शपथ.” “मग सांगतो, पोरी. दिवेलागण झाली की मला काईच दिसत न्हाई.”