लाल गाडी

लेकाने आमच्या जुन्या कम्प्युटरवर विंडोज काढून लिनक्स टाकलं आणि आमचा शर्यतीचा गेम बंद पडला. "लिनक्सवर गेम चालत नाहीत," आमचे हे म्हणाले. रोज संध्याकाळी आम्ही दोघं खेळायचो. लाल गाडी माझी, निळी यांची, आणि पुढे कुणाची असायची ते सांगायला नको. आता त्या वेळेला हे मला फिरायला धाडतात, गुडघे मोकळे होतील म्हणून.

आज वाटेत लेकाचा फोन आला, तेव्हा मी त्याला चांगलंच फैलावर घेतलं. "आईबापांची एवढीशी करमणूक तुझ्या डोळ्यांत खुपली का रे?"

"अगं आई, चालतो की तो गेम! मी त्याच दिवशी बाबांना लावून दाखवला होता."

मी तशीच माघारी फिरले. दार ढकललं तर माझ्या खुर्चीत माझी धाकटी जाऊ, जिला सुईत दोरा ओवता येत नाही ती, लाल गाडी भिंतीवर आपटत बसलेली. यांची निळी गाडी पुढे निघाली, आणि लग्न झाल्यापासून मी कधी ऐकला नव्हता अशा आवाजात हे ओरडले, "जिंकलो!"