काण्या ह्यूगचं रक्त

“ह्यूगची मुलगी रोएज, तिचा मुलगा, त्याचा मुलगा आणि चौथा मी!” रनूफने चार बोटं हवेत नाचवली. “काण्या ह्यूगचा खापरपणतू. आता मोंफ्लेरचा गढ माझा!”

मोंफ्लेरचा म्हातारा ओस्बर्न ईस्टरला गेला. सफरचंदाची दारू ढोसून घोड्यावर एका बाजूने चढला आणि दुसऱ्या बाजूने उतरला, डोक्यावर. मूल ना बाळ. काण्या ह्यूगच्या मुलाचा तो एकुलता मुलगा. आमच्याकडे अशा वेळी बारा जुनीजाणती माणसं बसवतात, संताच्या हाडावर हात ठेवायला लावतात आणि विचारतात, मेलेल्याच्या रक्ताचं जवळचं कोण? कुणीच निघालं नाही तर सगळं ड्यूकच्या घशात. हाड संताचं की मेंढीचं, ते पाद्री जाणे.

रनूफने त्या बाराजणांना चाळीस दिवस बदकं चारली. त्यातल्या नऊजणांना काल काय खाल्लं ते आठवत नव्हतं. पण ह्यूगची रोएज सगळ्यांना लख्ख आठवली.

गढाच्या दरबारात बाकावर त्याची बायको अविस बसली होती. गढ गेला खड्ड्यात, तिला हवं होतं बेलोर्न. बेलोर्न म्हणजे तिच्या वडिलांची पाणचक्की आणि मागची सफरचंदाची बाग. एकुलती लेक म्हणून ते तिला मिळालं आणि लग्नाच्या दिवशी रनूफच्या ताब्यात गेलं. बायकोचं ते नवऱ्याचं, असा आमचा रिवाज. नऊ वर्षं त्याने तिला तिकडे पाऊल टाकू दिलं नव्हतं. वर जेवताना ‘चक्कीवाल्याची नात’ म्हणून हिणवायचा. आज सकाळीच त्याने सांगून टाकलं होतं, गढ मिळाला की बेलोर्न विकायचं आणि बुरुजावर नवं छप्पर घालायचं. तेव्हापासून तिचे डोळे लाल होते.

बाराही हात हाडावर पडले. ड्यूकच्या कारभाऱ्याने रनूफचं नातं लिहून घ्यायला लावलं. मग अविस उठली.

“आस्कूलकाका, ह्यूगला दोन मुली होत्या ना? धाकटी एमा कुणाबरोबर पळाली हो?”

आस्कूल म्हणजे बाराजणांतला सगळ्यात जख्ख. तो खुदुखुदु हसायला लागला. “बेलोर्नच्या चक्कीवाल्याबरोबर! लई गाजलं होतं ते. ह्यूगने दम भरला, पोरीचं नाव काढेल त्याची जीभ कापीन. साठ वर्षं गप्प बसलोय बघ. अगं, ती तर तुझीच आजी!”

“म्हणजे मी ह्यूगची पणती. पाद्रीबाबा, सात पिढ्यांच्या आत लग्न चालतं का?”

गेरार पाद्री पेंगत होता, तो दचकून जागा झाला. त्याने एका हातावर तिच्या तीन पिढ्या मोजल्या, दुसऱ्या हातावर रनूफच्या चार. “चालत नाही. म्हणजे हे लग्नच नव्हे. अरे देवा! नऊ वर्षं तुम्ही दोघं पाप करत होता.”

“पापात मजा असते म्हणतात, बाबा. मला तर काही जाणवली नाही.”

सगळा दरबार खिदळला. रनूफ लालबुंद झाला. कारभाऱ्याने मेजावर हात आपटला.

“रनूफ, नीट ऐक. ह्यूगचं रक्त सांगणार असशील तर बायको गेली आणि बेलोर्न तिच्याबरोबर गेलं. नातं मागे घेणार असशील तर बायको राहील, पण मग तू ओस्बर्नचा कुणी नव्हेस. काय ते एकदा बोल.”

अविसचा जीव टांगणीला लागला. रनूफने खिडकीतून बुरूज पाहिला, खालची तीन गावं पाहिली, पलीकडचं रान पाहिलं. मग त्याने बायकोकडे पाहिलं.

“गेली तर गेली! एका पाणचक्कीसाठी गढ सोडायला मी काय खुळा आहे?” त्याने हाडावर असा हात आपटला की पेटीचं झाकण उडालं.

पाद्र्याने लग्न मोडल्याचं लिहिलं, मोहोर उठवली. अविस मटकन बाकावर बसली आणि हमसून हमसून रडली. बेलोर्न परत मिळालं होतं! आत्ता निघाली तर ऊन उतरायच्या आत बागेत पोचली असती. तिने डोळे पुसले, झगा सावरला आणि ती दाराकडे निघाली.

“बाई, थांबा जरा,” कारभारी म्हणाला. तो कागदावरची नाती पुन्हा मोजत होता. “खापरपणतू चार पिढ्या लांब. पणती तीनच.” त्याने लेखनिकाला खूण केली, आणि रनूफचं नाव खोडून तिथे अविसचं नाव चढलं.

रनूफ ताडकन उठला. “अहो, ती बाई आहे! बाईच्या हाती गढ देता?”

“छे, बाईच्या हाती कुठे देतो आम्ही?” कारभारी म्हणाला. “तिच्या नवऱ्याच्या हाती देतो. मघापर्यंत होता तिला एक.”