भेगा आधी, 'सेफ' शेवटी

भूकंपाच्या धक्क्यानंतर शाळेची पाहणी करताना जिन्यातल्या भेगेत विनायकचं बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत गेलं होतं. आता ऑफिसात इंग्रजी रिपोर्ट टाइप करताना तेच बोट एका शब्दावर अडलं होतं. भेगा आहेत, 'बट' इमारत सेफ आहे. छे, 'बट' फारच उघडं पडतं. 'हाउएव्हर'? त्यानं तर वाचणारा दचकून थांबेल.

त्याचे वरिष्ठ सक्सेनासाहेब मागे येऊन उभे राहिले. "विनायकजी, 'ऑल्दो' से शुरू कीजिए. दरारें पहले निपट जाएँगी, 'सेफ' आखिर में. ऊपरवाले आखिर का ही पढते हैं."

"सर, लेकिन बच्चे..."

"आपके पुणे ट्रान्सफर की फाइल भी ऊपर ही है."

विनायकनं 'ऑल्दो' टाइप केलं, खाली सही केली आणि कॉरिडॉरच्या टोकाला जाऊन बायकोला फोन लावला.

"झाला का रे रिपोर्ट?" उत्तरानं विचारलं. "सोमवारी शाळा उघडणार ना?"

"उघडणार," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पण सोमवारी आपल्या मैत्रेयीला ताप आलाय म्हणून शाळेत कळव."