पालकांच्या ताब्यात

"जीव द्यायचं मनात येतं का तुझ्या?"

अक्षता मॅडमनी सरळच विचारलं. आडवळणाने विचारायचं नाही, हा त्यांचा नेम. विचारल्याने कुणी मरत नाही, न विचारल्याने मात्र मरतं, असं समुपदेशक म्हणून त्या शाळेतल्या शिक्षकांनाही सांगत. विचारताना आपली खुर्ची टेबलामागून काढून मुलासमोर आणत. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"नाही," रुतिका म्हणाली.

मॅडमना ते खरं वाटलं नाही. वाटावं तरी कसं? सकाळी प्रार्थनेच्या वेळी वर्ग झाडताना विमलबाई मावशींच्या हातून नववीतल्या या पोरीचं दप्तर उलटलं होतं. भूगोलाच्या पुस्तकाखालून गोळ्यांच्या पट्ट्या, दाढीच्या पात्यांचं पाकीट आणि होडी बांधायच्या नायलॉन दोरीचं वेटोळं बाहेर पडलं. विमलबाईंनी ते सगळं मॅडमकडे आणून दिलं.

मग एकेकाला एकेक आठवू लागलं. वर्गशिक्षिका म्हणाल्या, पोरगी आठ दिवस बाकावर पेंगते, मोबाइल बघत जागत असणार. ऑफिसातला मिथुन म्हणाला, ही रोज मधल्या सुट्टीत घरी फोन लावायला येते. बाबा, जेवलात का, एवढंच विचारते आणि ठेवून देते. तुझे बाबा काय बालवाडीत आहेत का, असं त्याने तिला एकदा चिडवलंही होतं. ती हसली नव्हती.

मुख्याध्यापकांना घाई होती. ही ब्याद शाळा सुटायच्या आत बाहेर गेली पाहिजे. बापाला बोलवा, सामान त्याच्या हवाली करा, सही घ्या, पोरीला घरी पाठवा. मॅडमना ती घाई पसंत नव्हती. पण पद्धत तीच होती. तीन वर्षांपूर्वी फॉर्म त्यांनीच तयार केला होता. त्याची शेवटची ओळ छापील होती: 'सापडलेल्या वस्तू पालकांच्या ताब्यात दिल्या.'

रुतिकाचा बाप धर्मा साडेअकराला आला. खाडीकाठच्या कोळीवाड्यातून कोपरखैरण्याच्या शाळेपर्यंत चालतच. बायको चंदा पहाटेच वाशीला मासळी विकायला गेलेली, ती दुपार टळल्याशिवाय परतत नसे. धर्माचा उजवा हात पँटच्या खिशात होता. रबाळ्याच्या एका कारखान्यात प्रेसखाली त्या हाताची चार बोटं गेली, त्याला वर्ष होत आलं. तेव्हापासून तो घरीच असतो, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक होतं. गालांवर आठवड्याची दाढी वाढली होती. मॅडमची नजर तिकडे गेली तसा तो ओशाळून हसला.

"घरातली पाती उंदरांनी नेली, मॅडम. आमच्याकडचे उंदीर जाम फॅशनवाले."

मॅडमनी त्याला बसवलं, पाणी दिलं. घडलं ते बेताबेताने सांगितलं. पोरीला एकटं सोडू नका, तिच्यावर ओरडू नका, उद्या तिला डॉक्टरांकडे न्यायचं आहे, मी सोबत येते. धर्मा मान हलवत होता. मग त्यांनी कपाटातून कापडी पिशवी काढली आणि टेबलावर रिकामी केली.

धर्माची मान हलायची थांबली. तो त्या वस्तूंकडे बघत राहिला. पोरीकडे त्याने एकदाही बघितलं नाही. मॅडमना ते खटकलं, पण धक्का बसलेला माणूस कसाही वागतो, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

"द्या, मी नेतो," तो म्हणाला. "सही कुठं करू?"

डाव्या हाताने पेन नीट धरवत नव्हतं. पहिलंच अक्षर ओळ सोडून खाली घसरलं. तेवढ्यात भिंतीलगतच्या बाकावरून रुतिका उठली. तिने सगळं सामान परत पिशवीत कोंबलं आणि पिशवी दोन्ही हातांनी पोटाशी धरली.

"त्यांना नका देऊ, मॅडम."

मॅडम तिला समजवायला गेल्या. तिने ऐकूनच घेतलं नाही.

"तुमीच वर्गात सांगितलेलं ना. ज्याच्या मनात येतं त्याला एकटं सोडायचं नाय, आनि तसलं सामान घरात ठेवायचं नाय." तिचा आवाज जराही चढला नाही. "आमचं घर एका खोलीचं हाय. कुठं लपवू? म्हनून इथं आनलं."

मॅडमची नजर पुन्हा धर्माच्या दाढीवर गेली. तिथून अर्ध्या सहीवर. आणखी अर्ध्या मिनिटात ती पुरी झाली असती.

त्यांनी फॉर्म त्याच्या हाताखालून ओढून घेतला. पोरीच्या हातातली पिशवी कपाटात ठेवली, कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या पर्समध्ये टाकली. टेबलावरचा फोन वाजत होता. मुख्याध्यापकच असणार. त्यांनी तो वाजू दिला. मग आपली खुर्ची उचलली आणि धर्मासमोर आणून ठेवली. गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"जीव द्यायचं मनात येतं का तुमच्या?"

धर्माने खिशातला हात बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला.

"कधीपासनं सांगू?" तो म्हणाला.

आणि पोरगी ऐकत तर नाही ना, म्हणून त्याने वळून बघितलं. रुतिका भिंतीलगतच्या बाकावर, बसल्या जागी, गाढ झोपली होती.